फ्लॅटमधली बाग: आधी ऊन ओळखा, मग रोप आणा

नवीन फ्लॅटचा ताबा मिळाला त्याच आठवड्यात मी मोगऱ्याची तीन रोपं आणली. पुण्यातला चौथा मजला, उत्तरेकडची बाल्कनी, महिना नोव्हेंबर. आजोळी अंगणात मोगरा होता, म्हणून घरातलं पहिलं झाड मोगऱ्याचंच हवं होतं. रोपं मेली नाहीत. हिरवीगार राहिली, लांबलचक फांद्या काढून कठड्याबाहेर वाकली, पण दीड वर्षात एक कळी आली नाही. मी खत घातलं, पाणी वाढवलं, कुंड्या बदलल्या. शेवटी एक कुंडी पलीकडच्या विंगमधल्या काकूंच्या पूर्वेच्या बाल्कनीत नेऊन ठेवली. पुढच्या एप्रिलमध्ये काकू ओंजळभर फुलं घेऊन दारात उभ्या. माती तीच, खत तेच, रोपही तेच होतं. बदललं होतं फक्त ऊन.

तेव्हापासून कुणी "कुठलं झाड लावू?" असं विचारलं की मी आधी विचारते, "ऊन किती वाजता येतं आणि किती वाजता जातं?" माती, खत, कुंडी सगळं विकत मिळतं. उजेडासाठी दिवेही मिळतात, पण नवशिक्याने सुरुवातीला त्या खर्चात पडू नये. घराला निसर्गतः जेवढं ऊन मिळतं, त्यात बसेल अशीच बाग पहिल्या वर्षी करावी. कुंडी कशाची, माती कशी, पाणी किती, या सगळ्याची उत्तरं पुढे त्या उन्हावरूनच मिळत जातात.

एक आठवडा नुसतं ऊन बघा

बाल्कनीचा आणि खिडक्यांचा ढोबळ नकाशा कागदावर काढा. सकाळी ८, १०, दुपारी १२, २ आणि ४ वाजता ऊन कुठवर आलंय त्याच्या रेघा मारा. नोकरी असेल तर शनिवार-रविवारी हे काम होतं. थेट ऊन कोणतं आणि नुसता उजेड कोणता हे कळत नसेल, तर जिथे कुंडी ठेवायची तिथे जमिनीपासून फूटभर वर हात धरा. पाचही बोटं वेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली, तर ते थेट ऊन. सावली पडते पण कडा पुसट, तर चांगला उजेड. सावली शोधावी लागत असेल, तर जागा कमी उजेडाची.

फुलझाडं आणि मिरची, टोमॅटो, वांगं यांसारख्या फळभाज्यांना रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन लागतं. पालेभाज्यांचं आणि पुदिन्याचं तीन-चार तासांत भागतं. शोभेच्या पानांची झाडं चांगल्या उजेडावर वर्षानुवर्षं जगतात.

आता दिशेची गोष्ट. आपल्याकडे ती पुस्तकी नियमापेक्षा जरा वेगळी आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, मुंबई एकोणीसवर. मेच्या मध्यावर पुण्या-मुंबईत शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. तिथपासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून हिवाळ्यात थंडगार सावली असणाऱ्या उत्तरेच्या बाल्कनीत मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं. दक्षिणेच्या बाल्कनीत उलटा प्रकार होतो. डिसेंबरमध्ये ऊन पार हॉलच्या लादीपर्यंत शिरतं, आणि मे-जूनमध्ये वरच्या मजल्याचा स्लॅब ते अडवतो. तुम्ही जानेवारीत घर घेतलं आणि दक्षिणेच्या उन्हावर खूश होऊन बाग केली, तर मेमध्ये ती झाडं सावलीत जातात. म्हणून एक आठवडा बघाच, पण नकाशा फाडून टाकू नका. दर तीन महिन्यांनी त्यावर नव्या रेघा मारा.

पूर्वेची बाल्कनी नवशिक्यासाठी सगळ्यात चांगली, कारण सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारची होरपळ टळते. पश्चिमेला दुपारी दोनपासून मावळतीपर्यंतचं ऊन आणि तापलेली भिंत यांच्यात झाड सापडतं. तिथे बोगनवेल, जास्वंद, कोरफड, ऑफिस टाइम (म्हणजे पोर्टुलाका) ही झाडं टिकतात, बाकीच्यांना एप्रिल-मेमध्ये हिरवी शेडनेट बांधावी लागते. आणि समोर टॉवर उभा असेल तर दिशा काहीही असो, हाताची सावली सांगेल ते खरं मानायचं.

वजन आणि खालचे शेजारी

हे कंटाळवाणं वाटेल, पण रोप आणण्याआधीच बघायला हवं. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते. ती ओली झाली की कुंडीसकट वजन २० किलोच्या पुढे जातं. राहत्या खोल्यांचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोच्या हिशेबाने आखलेला असतो, आणि त्यात माणसं, खुर्च्या, वॉशिंग मशीन सगळंच आलं. मोठ्या कुंड्या भिंतीच्या कडेने ठेवा, बाल्कनीच्या बाहेरच्या टोकाला दाटी करू नका. जुनी इमारत असेल, स्लॅबला खालून तडे दिसत असतील, सळया उघड्या पडल्या असतील, तर आधी सोसायटीशी बोला आणि इंजिनिअरला दाखवा.

कठड्यावर सुटी कुंडी ठेवायचीच नाही. जूनमधला पहिला वादळी वारा ती खाली आणतो, आणि खाली माणसं असतात. बॉक्स ग्रिलमध्ये ठेवायची असेल तर तारेने बांधून ठेवा. ग्रिलला आपत्कालीन दार असेल तर ते पूर्ण मोकळं राहू द्या. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर मातीचं पाणी पडलं की भांडण ठरलेलं, तेव्हा पाणी घालायची वेळ खालच्या घराशी बोलून ठरवलेली बरी. आमच्याकडे सकाळी सातच्या आत पाणी घालायचं ठरलंय आणि इतक्या वर्षांत एकदाही वाद झालेला नाही.

कुंडी

कुंडीही उन्हावरून ठरते. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडतं, म्हणून ती लवकर सुकते. कमी उन्हाच्या, दमट बाल्कनीत हा गुणच आहे, मुळं कुजत नाहीत. पश्चिमेच्या बाल्कनीत किंवा बाराव्या मजल्यावरच्या वाऱ्यात मात्र तीच कुंडी मेमध्ये दिवसातून दोनदा पाणी मागते. तिथे प्लास्टिकची कुंडी किंवा ग्रो बॅग घ्या, शक्यतो फिक्या रंगाची, कारण काळी उन्हात तापते आणि कडेची मुळं भाजतात.

मेथी-कोथिंबिरीला चार ते सहा इंच खोल पसरट ट्रे पुरतो. मिरचीला १० इंची, टोमॅटो आणि मोगऱ्याला १२ इंची, कढीपत्त्याला पुढेमागे १४ इंची कुंडी लागते. छोटं रोप एकदम मोठ्या कुंडीत लावू नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते आणि आंबते. तळाला भोकं हवीतच. त्यावर खापराचा तुकडा पालथा ठेवायचा, म्हणजे माती वाहून जात नाही आणि पाणी अडत नाही.

माती

पुण्याच्या आसपासची काळी माती शेतात सोन्यासारखी असली तरी कुंडीत ती जड जाते. ओली असताना चिखल, सुकली की भेगा, आणि भेगांमधून पाणी थेट खाली. कोकणातली लाल माती निचऱ्याला चांगली, पण नुसतीच भरली तर थोड्या महिन्यांत घट्ट बसते. मी दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळ खत किंवा जुनं शेणखत, एक भाग भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड असं मिसळते. बाल्कनीत ऊन कमी असेल तर कोकोपीट निम्मं करून त्या जागी विटांचा बारीक चुरा घालते, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवतं आणि सावलीत ते सुकत नाही. कोकोपीटची ५ किलोची वीट भिजल्यावर साठेक लिटर होते, तेव्हा पहिल्या वेळी छोटी वीट आणा. ती दोन पाण्यांत धुऊन पिळून घ्या, त्यातला क्षार निघून जातो.

माती जमली का हे बघायला मूठभर ओलसर मिश्रण घेऊन आवळा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला पाहिजे आणि बोटाने टोचल्यावर तो सुटला पाहिजे. गोळा झालाच नाही तर खत-कोकोपीट वाढवा, फुटलाच नाही तर विटांचा चुरा.

शेणखत चांगलं कुजलेलं, काळसर, मातीसारख्या वासाचं घ्या. ओलं, वास मारणारं शेण कुंडीत तापतं आणि त्यातून हुमणी येते. ही पांढरी, वाकडी अळी मुळं खाते आणि झाड एका दिवसात मान टाकतं.

वजन कमी करायचं तर उसाच्या चिपाडाचा मार्ग आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर थोड्या मातीत आणि भरपूर चिपाडात भाज्या-फळं पिकवायची पद्धत रुजवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यातून बाग उभी केली. त्यामागे श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचा, म्हणजे शेतीत स्वतः प्रयोग करून शिकणाऱ्या लोकांच्या गटाचा, विचारही होता. रसवंतीवाल्याला विचारलं तर तो चिपाड आनंदाने देतो. घरी आणून तुकडे करा, चार दिवस कडक उन्हात वाळवा, नाहीतर उरलेल्या गोडीला मुंग्या लागतात. कुंडीचा खालचा तिसरा भाग त्याने भरला की वजन बरंच उतरतं. वर्षभरात ते कुजून खाली बसतं, मग वरून नवी माती घालायची.

पहिली पाच झाडं

पाचच. मला ठाऊक आहे, नर्सरीत हात आवरत नाही. पण पाच झाडांवर वर्षभर नीट लक्ष राहतं आणि त्यांतून पुढच्या पन्नास झाडांचं शिक्षण होतं.

ऊन भरपूर असेल तर तुळस, कढीपत्ता, मिरची, सदाफुली आणि मेथीचा एक ट्रे. तुळशीच्या मंजिऱ्या येताच खुडा. बी धरू दिलं की झाड म्हातारं होतं आणि पानं बारीक पडतात. थोड्या मंजिऱ्या पक्व करून त्यांचं बी कुंडीतच टाका, कारण थंडीत तुळस झडते आणि तेव्हा तिची लेकरं हाताशी असावीत. दिवा लावत असाल तर खोडापासून दूर लावा, रोजच्या आचेने एका बाजूची पानं करपतात.

कढीपत्ता पहिली दोन वर्षं जागचा हलत नाही, त्याला घाई करू नका. डिसेंबर-जानेवारीत त्याची पानं पिवळी पडून गळतात. झाड मेलं म्हणून पाण्याचा मारा केला तर मात्र ते खरंच मरतं. पाणी कमी करा, फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पालवी फुटते. फोडणीसाठी एकेक पान ओरबाडण्यापेक्षा शेंड्याकडची डहाळीच कात्रीने कापा, खालून दोन फांद्या येतात. महिन्यातून एकदा पातळ, बिनमिठाचं ताक मुळाशी घालायची जुनी पद्धत मीही पाळते.

मिरचीचं बी घरच्या वाळलेल्या लाल मिरचीतलं चालतं. आठ-पंधरा दिवसांत उगवतं, चार-सहा पानं आली की मोठ्या कुंडीत हलवायचं, आणि लावणीपासून दोन-अडीच महिन्यांत मिरच्या लागतात. फार उकाड्यात फुलं गळतात. तेव्हा झाडाला दुपारची सावली द्या, खत वाढवू नका.

मेथी हा नवशिक्याचा धीर टिकवणारा प्रकार आहे. डब्यातले दाणे रात्रभर भिजवा, ट्रेमध्ये दाट पसरा, वर अर्धा इंच माती. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात आणि पंधरवड्यात तळहाताएवढी मेथी कापायला येते. मुंबईच्या बाजारात समुद्रमेथीच्या चिमुकल्या जुड्या मिळतात ना, तशीच. तिचा झुणका एकदा केला की घरातले सगळे ट्रेला पाणी घालायला लागतात. कोथिंबिरीला धणे लाटण्याखाली हलकेच रगडून दोन फाकी कराव्या लागतात. ती उगवायला आठ-बारा दिवस घेते आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच तिचा काळ. उन्हाळ्यात लगेच तुरे येतात.

ऊन कमी असेल तर पुदिना, पानांचा ओवा, अळू, मनीप्लांट आणि स्नेक प्लांट. पुदिना विकत घेऊ नका, बाजारच्या जुडीतल्या जाड काड्या खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात ठेवा, आठवड्यात मुळं सुटतात. त्याला वेगळीच कुंडी द्या, तो शेजारच्याची जागा खातो. अळूला सावली आणि ओल दोन्ही आवडतं, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीतही वडीपुरती पानं मिळतात. ग्रिलवर चढवायला मायाळूचा वेल लावा, त्याची भजी होते आणि त्याला फारशी काळजी लागत नाही. मनीप्लांटचं कलम घेताना पेराचा डोळा पाण्यात बुडाला पाहिजे, मुळं तिथूनच येतात.

घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर डायफेनबेकिया आणू नका. त्याचा चीक तोंडात गेला की जीभ आणि घसा सुजतो. मनीप्लांटही हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. कण्हेर तर फ्लॅटमध्ये नकोच.

नर्सरीतून आणताना

पुण्याहून सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे जाताना दुतर्फा नर्सऱ्या आहेत. मुंबई-ठाण्यातही प्रत्येक उपनगरात एक तरी असते. पहिला पाऊस झाल्यावर जा. फुलांनी लगडलेलं रोप घेऊ नका. कळ्या कमी, पण खोडाजवळून नवी पालवी फुटतेय असं घ्या. पानं उलटी करून बघा, कापसासारखं पांढरं काही दिसलं तर ते रोप तिथेच ठेवा. पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप फार दिवस अडकून पडलेलं आहे.

घरी आणल्यावर आठवडाभर उजेडाच्या पण सावलीच्या जागी, जुन्या झाडांपासून दूर ठेवा. प्रवासाचा ताण उतरतो आणि कीड असेल तर याच आठवड्यात दिसते. मग संध्याकाळी कुंडी बदला, मुळांभोवतीचा गोळा फोडू नका, आणि दोन दिवस कडक ऊन दाखवू नका.

पाणी

फ्लॅटमधली बहुतेक झाडं तहानेने मरत नाहीत, रोज सकाळी नेमाने घातलेल्या पाण्याने मरतात. मुळांना हवाही लागते. माती सतत भिजलेली राहिली की हवेची जागा पाणी घेतं, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड सुकल्यासारखं दिसतं. आपण आणखी पाणी घालतो. माझी दोन झाडं अशीच गेली आणि दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी त्यांना वाचवतेय.

दोन पेरांपर्यंत बोट मातीत घाला. आत कोरडं लागलं तरच पाणी, ओलसर लागलं तर उद्या बघू. घालायचं तेव्हा झारीने सावकाश, तळातून पाणी येईपर्यंत. वरवर शिंतोडे मारले की मुळंही वरच राहतात. खालची पानं पिवळी, मऊ आणि माती ओली, तर पाणी जास्त झालंय. पानांच्या कडा कुरकुरीत आणि कुंडी उचलायला हलकी, तर कमी पडतंय. मेमध्ये दुपारी दोनला मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप उभं राहत असेल, तर ते उन्हाने दमलं होतं, तहानेलं नव्हतं.

रोज किती पाणी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला एक उत्तर नाही. एप्रिलमध्ये पश्चिमेची मिरची दिवसातून दोनदा पिते, तर तिच्याच घरातला स्नेक प्लांट जुलैमध्ये तीन आठवडे थेंबभर मागत नाही. डाळ-तांदळाचं बिनमिठाचं धुवण चालतं. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मी कुंड्यांना घालत नाही, त्यात क्षार जास्त असतात आणि ते कुंडीत साठत जातात.

कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून दोनदा रिकाम्या करून घासा. डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. पावसाळ्यात तर ताटल्या काढूनच ठेवा.

खत आणि ओला कचरा

दर महिन्याला कुंडीमागे एक-दोन मुठी गांडूळ खत, वरची माती खुरप्याने हलकी करून त्यात मिसळून. नवशिक्याला एवढं पुरतं. मुसळधार पावसात खत घालू नका, ते तळातून वाहून जातं. केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचं पाणी हे मोबाइलवर फिरणारे उपाय करून मी बघितले आहेत. अपाय नाही, पण चांगलं कुजलेलं खत घातलं तर त्यांची गरजही पडत नाही. चहाचा चोथा धुतल्याशिवाय घालू नका, साखर-दुधाने मुंग्या आणि बुरशी येते.

खत घरी करणं अवघड नाही. झाकणाच्या दोन जुन्या बादल्या घ्या, बाजूला आणि तळाला भोकं पाडा, खाली ताट ठेवा. तळाशी सुका पाला, मग भाज्यांची देठं-सालं बारीक करून, त्यावर पुन्हा सुका पाला किंवा कोकोपीट. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक. ओल्यापेक्षा सुकं जास्त असू द्या. शिजवलेलं अन्न, तेल, मांस-मासळी नको. तीन-चार दिवसांनी खालीवर करा. एक बादली भरली की दुसरी सुरू करायची, पहिलीतलं खत दीड-दोन महिन्यांत तयार होतं. वास यायला लागला तर समजा ओल जास्त झाली, सुका पाला घाला. करड्या, जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात, कचरा झपाट्याने खातात आणि झाडांना काही करत नाहीत. सुका पाला सोसायटीच्या झाडूवाल्या मावशींकडे मागा, पोतं भरून मिळतो.

कीड आणि कबुतरं

रोज झाडं बघणं हाच कीड रोखायचा खरा उपाय. पानाच्या मागे पाच मावे, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसले तर बोटाने पुसता येतात, पाचशे झाल्यावर फवारणी लागते. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर कुठेतरी मावा किंवा पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी कीड) आहे असं समजून शोधा. मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने घासून काढा. फवारणीला एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि पातळ साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने, आठवड्याच्या अंतराने तीनदा. उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मिरचीची पानं चुरडून वाटीसारखी झाली की तो बोकड्या. ते शेंडे खुडून टाका आणि झाड इतरांपासून दूर ठेवा.

शहरात किडीपेक्षा कबुतरं जास्त त्रास देतात. नवी माती दिसली की उकरतात, कुंडीत अंडी घालतात. बाल्कनीला जाळी लावणं हा पक्का उपाय. तोवर मातीवर गोटे पसरा किंवा झाडूच्या काड्या वर टोकं करून खोचा. त्यांची वाळलेली विष्ठा झाडताना तोंडाला मास्क लावा आणि आधी पाणी मारा, ती धूळ फुप्फुसांना त्रास देते.

वर्षाचा क्रम

जून-जुलै हा कलमं आणि नवी लागवड करण्याचा काळ. जास्वंद, मनीप्लांट, गवती चहा यांना या दिवसांत फारसं सांभाळावं लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टोमॅटोचं बी टाका, थंडीत फळ येतं. ऑक्टोबरच्या उकाड्यात पावसाला सरावलेली पानं करपतात, तेव्हा झाडं आठवड्याभरात थोडीथोडी करून उन्हात न्या. शेवंतीला फुलं यायला लांब, अंधाऱ्या रात्री लागतात. तुमच्या बाल्कनीत रात्रभर रस्त्याचा दिवा पडत असेल तर ती फुलायला कां-कूं करते. तिला संध्याकाळी दिव्याच्या आड सरकवा.

हिवाळ्याच्या शेवटी मोगऱ्याची छाटणी. जानेवारीअखेर पाणी तोडा, फांद्या एक तृतीयांश कापा, उरलेली पानं काढा, पंधरा दिवसांनी खत घालून पाणी सुरू करा. मार्च-एप्रिलमध्ये कळ्या धरतात, अर्थात ऊन असेल तर. छाटणीच्या दिवसांतच पुण्यात एम्प्रेस गार्डनचं आणि मुंबईत राणीच्या बागेत पुष्पप्रदर्शन भरतं. एकदा जरूर जा आणि कुंड्यांमधली झाडं किती लहान जागेत किती निरोगी वाढतात ते जवळून बघा. एप्रिल-मेमध्ये नवं काही लावू नका, आहे ते सांभाळा. मातीवर सुका पाला अंथरला की ओल टिकते.

गावी जाताना

गणपतीला किंवा मेच्या सुट्टीत दहा दिवस घर बंद ठेवायचं म्हणजे झाडांची काळजी लागून राहते. चार दिवस असतील तर काही करायचं नाही, निघताना भरपूर पाणी घालून सगळ्या कुंड्या सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवा. एकत्र असली की पानांभोवती दमटपणा राहतो आणि माती सावकाश सुकते.

त्याहून जास्त दिवस असतील तर सुती कापडाची वात करा. जुन्या सुती ओढणीच्या बोटाएवढ्या जाड पट्ट्या पिळून घ्या. एक टोक झाकलेल्या बादलीच्या तळापर्यंत सोडा, दुसरं कुंडीच्या मातीत तीन इंच खोल खुपसा. बादली कुंडीपेक्षा उंच, स्टुलावर हवी. वात आधी पूर्ण भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढत नाही. निघायच्या तीन-चार दिवस आधी लावून बघा, म्हणजे कुठली कुंडी किती पिते ते कळतं आणि वात जाड-बारीक करता येते. मेमध्ये मात्र मी वातीवर विसंबत नाही, किल्ली त्याच पलीकडच्या विंगमधल्या काकूंकडे देते. कुठल्या कुंडीला किती तांबे हे चिठ्ठीवर लिहून प्रत्येक कुंडीला चिकटवते, कारण मदत करणारा माणूस प्रेमाने जास्तच पाणी घालतो.

परत आल्यावर एखादं झाड पार सुकलेलं दिसलं तरी लगेच उपटू नका. कुंडी टबभर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा, निथळू द्या आणि सावलीत ठेवा. मग नखाने खोडाची साल किंचित खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर सुकलेला भाग त्या हिरव्यापर्यंत कापा आणि पंधरा दिवस थांबा.